सोडता येत नाही

मुलुंड (पूर्व)
६ मे १९८४

ती. विमलाआत्यास नलूचा नमस्कार,

बातमी आधीच सांगते, म्हणजे तुला पत्र शेवटाकडून वाचायला नको. यंदाही माझं नाव नाही. आमच्या हॉस्पिटलातून दर वर्षी एकीला पगारी रजेवर पदवीच्या नर्सिंगला पाठवतात, दोन वर्षांसाठी, आणि यंदाची ती एक म्हणजे शकु. हो, तीच शकु. परवा तिने एका पेशंटच्या काखेत लावलेला थर्मामीटर मला माझ्या ड्यूटीत सापडला. बिचारा चार तास हात दाबून पडला होता, कारण "सिस्टरने हलू नका सांगितलंय."

मी काय तयारी केली होती ते तुला ठाऊक आहे. इंग्रजी अ‍ॅनाटॉमी पुन्हा पाठ केली. मुलाखतीची उत्तरं लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यांना म्हणून दाखवली. अर्जावर वॉर्डच्या इन-चार्ज सिस्टरचा शेरा लागतो. मेट्रन द्रौपदीबाईंनी मला बोलावून तो अगदी कौतुकाने दाखवला: 'अत्यंत कार्यक्षम. हिला सोडता येत नाही.' वर म्हणाल्या, "तू गेलीस तर सर्जिकल वॉर्डाची वाट लागेल गं." आणि मी काय केलं असेल? थँक्यू म्हटलं!

घरी आईला शेरा सांगितला तर तिने लेकीच्या कौतुकाने "चेडवाचा नाव झाला" म्हणत देवापुढे नारळ ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच नारळाच्या वड्या खाताना मला रडू येत होतं.

नोकरी सोडून जावं तर घर कोण चालवणार? बाबा गिरणीच्या संपापासून घरीच आहेत, धाकटा सहदेव अजून शिकतोय. पस्तीस पूर्ण झाल्यावर कॉलेज घेत नाही आणि मला येत्या ऑगस्टात तेहतीस होतील. द्रौपदीबाई तुझ्या हाताखाली शिकल्या, अजून तुझी आठवण काढतात. तू एक शब्द टाकशील का?

तुझी
नलू


दहिसर
११ मे १९८४

चि. नलूस आशीर्वाद,

शब्द टाकणार नाही. टाकून उपयोगही नाही, कारण द्रौपदीचा तुझ्यावर राग नाही, जीव आहे. घोटाळा तिथेच आहे.

अगो, एवढी मोठी झालीस आणि हे कळलं नाही? एकीला शिकायला पाठवायचं म्हणजे वॉर्डातले दोन हात दोन वर्षांसाठी गेले. कुठली इन-चार्ज आपला उजवा हात काढून देईल? ती आधी बघते, कोण गेली तर आपल्याला बरं वाटेल. तिची शिफारस होते. चांगलीच्या नावापुढे कौतुक लिहायचं आणि तिला ठेवून घ्यायचं. पुढे ती दुसरीच शिकून येते आणि चांगलीच्या डोक्यावर बसते. सगळीकडे असंच चालतं.

तेव्हा तू थोडी बिघड. पेशंटच्या अंगाला लागेल असं काही नाही हां. त्याचं औषध, त्याची जखम, त्याचं पाणी, यात हयगय केलीस तर माझ्या दारात येऊ नकोस. बाकी रान मोकळं आहे. उशिरा ये. टोपी वाकडी घाल. चादरी मोजताना चूक कर. डॉक्टरांचा चष्मा हरवला तर शोधून देऊ नकोस. मीटिंगमध्ये तोंड उघड, बोलणारी मुलगी डोळ्यांत लवकर खुपते.

आणखी लिहिलं असतं पण नळ आलाय.

तुझी
आत्या


मुलुंड (पूर्व)
२३ सप्टेंबर १९८४

ती. आत्यास नमस्कार,

चार महिने बिघडून पाहिलं. अहवाल सादर करते.

टोपी वाकडी घातली. आठवड्याने बघते तर तीन ज्युनियर मुलींनी तशीच घातलेली, फॅशन म्हणून. डॉ. चंद्रप्रकाशांचा चष्मा शोधून दिला नाही, तर त्यांनी गळ्यात दोरी बांधली आणि राउंड दहा मिनिटं लवकर संपायला लागला. एक्स-रेच्या चिठ्ठ्या पोचवणं हे माझं काम नाही म्हणून सांगितलं. मग ज्याचं होतं त्याने ते करायला सुरुवात केली, अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

मग तुझं मोठं अस्त्र काढलं. ट्रस्टी लोकांच्या मीटिंगमध्ये उभी राहिले आणि म्हटलं, तीस पेशंट आणि बारा चादरी, मग अठरा जणांनी काय पांघरायचं? द्रौपदीबाईंचा चेहरा असा पडला की मी मनात म्हटलं, झकास, झालं आपलं काम. पंधरा दिवसांनी नव्या चादरी आल्या. आता सगळ्या वॉर्डांच्या मुली मला कॉरिडॉरमध्ये थांबवून आपापली गाऱ्हाणी सांगतात.

राहिलं उशिरा येणं. तीन दिवस वीस-वीस मिनिटं उशिरा आले. चेक नाक्याजवळ उगाच उभी राहून आले गं. तिसऱ्या दिवशी पोचते तर रात्रपाळीची मीरा इंगळे घरी न जाता माझी ड्रेसिंगची ट्रॉली लावून उभी. "सिस्टर, तुम्हाला बरं नाहीये ना? मी थांबते." नवी मुलगी आहे, घाटकोपरच्या टेकडीवरून येते. तिच्या तोंडाकडे बघून मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं आधी गेले.

एक विचारू? इन-चार्ज बायकांच्या मनातलं तुला इतकं आतून कसं ठाऊक?

तुझी
नलू


दहिसर
२ ऑक्टोबर १९८४

चि. नलूस आशीर्वाद,

कार्डावर जागा कमी आहे. तुला साधं बिघडताही येत नाही, हे अवघड आहे. तुमची इन-चार्ज नोव्हेंबरात रिटायर होतेय असं ऐकलं. त्या खुर्चीपासून लांब राहा. मी आपल्या काशीरामाकडे चार दिवस गणेशवाडीला जाते आहे, बाकी भेटीत.

आत्या


मुलुंड (पूर्व)
१८ जानेवारी १९८५

ती. आत्यास नमस्कार,

रागावू नकोस. पहिल्या तारखेपासून मी सर्जिकल वॉर्डची सिस्टर इन-चार्ज आहे.

मी मागितलं नव्हतं. द्रौपदीबाई म्हणाल्या, "ज्या मुलीला ट्रस्टी घाबरतात ती मला त्या खुर्चीत हवी." बढतीनंतर एक वर्ष शिक्षणाचा अर्ज करता येत नाही, असा नियम आहे. म्हणजे यंदाचं गेलं. पुढचं एकच वर्ष उरलं, १९८६. त्या ऑगस्टात पस्तीस. बिघडण्याचा एवढा खटाटोप केला नसता तर निदान यंदा पुन्हा नकार तरी मिळाला असता.

पण आत्या, लपवून काय करू, इन-चार्जचा पट्टा कमरेला बांधला तेव्हा बरं वाटलं. आईने पुन्हा नारळ ठेवला.

तुझी
नलू


दहिसर
२५ जानेवारी १९८५

चि. नलूस आशीर्वाद,

अभिनंदन करते, पण अर्धंच. उरलेलं पदवी झाल्यावर.

मलाही पट्टा बांधला तेव्हा बरं वाटलं होतं. वॉर्ड आपला वाटायला लागतो, मग मुलीही आपल्या वाटायला लागतात. तेवढं सांभाळ. पुस्तकं माळ्यावर टाकू नकोस. आणि गुडघ्याला चोळायला ते तेल आण, दहिसरला कुठे मिळत नाही.

आत्या


मुलुंड (पूर्व)
८ डिसेंबर १९८५

ती. आत्यास नमस्कार,

पुस्तकं माळ्यावर नाहीत, लिनन रूममध्ये आहेत. ड्यूटी संपली की मी आणि मीरा तिथे तासभर बसतो. जानेवारीत माझ्याबरोबर तिलाही अर्ज भरायला मीच सांगितलंय; एकटीने वाचायला कंटाळा येतो आणि तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे. कधी ती परीक्षक होते, कधी मी. परीक्षक झाली की ती डॉक्टरांचा जुना चष्मा लावते आणि मला अशी झापते की मी खरंच घाबरते.

"तुम्हाला पदवी कशाला हवी?" हा प्रश्न हमखास असतो म्हणे. माझं उत्तर तुला पाठ आहे, रुग्णसेवा, ज्ञानवृद्धी वगैरे. मीराने काय सांगितलं ऐक. म्हणाली, "मी शिकत होते तेव्हा सगळ्यांनी मला कसं करायचं ते दाखवलं. का करायचं विचारलं की गप्प बस म्हणायचे. मला का ते सांगणारी व्हायचंय." मी चष्मा काढून ठेवला. 

तिचे वडील भाऊराव विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर आहेत. मूळचे बुलढाण्याकडचे, बौद्ध. घरात पुस्तकांचं कपाट आहे आणि ते भाऊरावांनी स्वतः केलंय. मला जेवायला बोलावलं होतं. तिची आई सारखी म्हणत होती, "आमच्या मीराला तुमच्यासारखी सिस्टर मिळाली."

वॉर्ड आता माझ्याइतकाच तिलाही ठाऊक आहे. मी रजेवर असले तर कुणाला कळतसुद्धा नाही. तेव्हा यंदा मला सोडायला कुणाची हरकत नसावी.

तुझी
नलू


दहिसर
१६ डिसेंबर १९८५

चि. नलूस आशीर्वाद,

तेल मिळालं. मुलगी चांगली दिसते. पण सीट एक आणि तुम्ही दोघी, हे तू लिहिलं नाहीस. मेट्रनला विचारलंस का?

आत्या


मुलुंड (पूर्व)
२० एप्रिल १९८६

ती. आत्यास नमस्कार,

तू विचारलेलं मी चार महिने टाळलं. काल द्रौपदीबाईंनीच विचारलं. दोन्ही अर्ज समोर मांडून म्हणाल्या, "सगळ्या हॉस्पिटलात एक रजा आणि तुझ्या एकट्या वॉर्डातून दोन अर्ज. आता नीट ऐक. मला तिथे वॉर्ड सांभाळणारी एक हवी. ही मीरा तुझ्याइतकी तयार असेल तर तू खुशाल जा, ती ठेवते. तशी नसेल तर तुला कशी सोडू? मग तिलाच पाठवते, निदान चार गोष्टी शिकून तरी येईल. तिच्या अर्जावर शेरा लिही आणि आण. तुझ्या शेऱ्यावर ठरवते."

म्हणजे मी फक्त खरं लिहायचं आहे. मीरा अत्यंत कार्यक्षम आहे. तिला सोडता येत नाही. एवढं लिहिलं की सीट माझी. खोटं बोलावं लागत नाही, कुणाचं वाईट चिंतावं लागत नाही, उलट तिचं कौतुक होतं. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

ती सव्वीसची आहे, तिच्याकडे वेळ आहे. यंदा मी, पुढच्या वर्षी ती. मी तिला तसं सांगणारच आहे. शेरा तीन तारखेपर्यंत द्यायचाय. तू आशीर्वाद पाठव म्हणजे लिहून टाकते. कालपासून पेन उघडून बसलेय.

तुझी
नलू


दहिसर
२४ एप्रिल १९८६

चि. नलूस,

तू मागे विचारलं होतंस, मला आतलं कसं ठाऊक. तेव्हा नळ आला नव्हता की काशीरामाकडे जायची घाईही नव्हती. मी टाळलं.

मी सोळा वर्षं इन-चार्ज होते. त्या काळात अकरा मुलींनी पुढच्या शिक्षणासाठी माझ्याकडे अर्ज दिले. मी अकराही जणींची तोंड भरून स्तुती लिहिली आणि प्रत्येकीला म्हटलं, यंदा नाही, पुढच्या वर्षी. मनापासून म्हटलं गो. पुढच्या वर्षी ती आणखी तयार झालेली असायची, मग तिला सोडणं आणखी कठीण. पाठवल्या त्या मला नको असलेल्या.

द्रौपदी त्या अकरांतली. तिला मी चार वर्षं पुढच्या वर्षी म्हटलं. मग तिचं लग्न झालं, मुलं झाली, वय गेलं. तुझ्या मेट्रनकडे पदवी नाही, ठाऊक आहे तुला? माझ्या निरोप समारंभात ती माझ्या पाया पडली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, विमलाबाईंनी माझ्यावर फार माया केली. मी हार घालून घेतला.

माझ्यावर कधी कुणी रागावलं नाही. तेच मला आता रिटायर झाल्यावर खातं.

काय कर ते मी सांगणार नाही. तू माझ्या भावाची मुलगी, तुझं व्हावं असं मला वाटतं. पण आशीर्वाद मागू नकोस. ह्या कामाला द्यायला माझ्यापाशी तो नाही.

आत्या


मुलुंड (पूर्व)
४ मे १९८६

ती. आत्यास नमस्कार,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर संतापले होते. मग द्रौपदीबाईंवर. शेवटी रागवायला कुणीच उरलं नाही.

काल शेरा दिला. चार कागद फाडले. चांगलं लिहायला किती सोपं असतं! शेवटी शकुला डोळ्यांसमोर आणलं आणि तिच्याबद्दल जे लिहायला हवं होतं ते मीराच्या नावाखाली लिहिलं. 'कामात आळस. उलट उत्तरे देते. वॉर्डास उपयोग नाही.' खाली सही केली, एन. घाडी, सिस्टर इन-चार्ज.

द्रौपदीबाईंनी वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मीराचं काम त्या रोज बघतात, आत्या. मला वाटलं, आता कागद माझ्या तोंडावर फेकतील. त्यांनी विचारलं, "विमलाबाई कशा आहेत?" मी म्हटलं, गुडघे दुखतात. "नमस्कार सांग," म्हणाल्या आणि मीराच्या अर्जावर शिक्का मारला.

घरी काही सांगितलेलं नाही. नाव लागलं नाही एवढंच म्हटलं. आई म्हणाली, "त्यांका तुझ्याशिवाय चलाचा नाय," आणि नारळ आणायला निघाली. या वेळी मी तिला थांबवलं.

तुझी
नलू


दहिसर
२० जून १९८६

चि. नलूस आशीर्वाद,

उत्तर लिहायला दीड महिना लागला. काय लिहावं समजत नव्हतं, अजूनही समजत नाही. माझी छाती झाली नसती.

मुलगी काय म्हणाली? मुलाखत झाली का? तिला खरं काय ते सांगून टाक, उगाच मनात ठेवू नकोस.

आत्या


मुलुंड (पूर्व)
१३ जुलै १९८६

ती. आत्यास नमस्कार,

मीराची निवड झाली, पहिल्या यादीत. परवा ती वॉर्ड सोडून गेली.

मुलाखतीनंतर ती माझ्या गळ्यात पडली होती. "सिस्टर, तुमची सीट मला आली, तुम्ही कसं सोडलंत मला?" मी म्हटलं, मेट्रनने ठरवलं. मग आठ तारखेला तिला कार्यमुक्तीचा कागद हवा होता. ऑफिसातल्या दादूने "ह्यावर सही घेऊन ये" म्हणत सगळी फाइलच तिच्या हातात दिली. ती तिने जिन्यात उघडली.

माझ्यासमोर येऊन उभी राहिली तेव्हा रडत नव्हती. म्हणाली, "मी आळशी आहे, हे मला तोंडावर सांगायचं होतं ना." मी कार्यमुक्तीच्या कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आली, सगळं काम केलं, आणि जाताना म्हणाली, "बाबांना उतरवून दाखवलं. ते म्हणाले, हा शेरा आमच्या ओळखीचा आहे. फक्त खालची सही दर वेळी नवी असते."

आत्या, खरं सांगते, लिहिताना हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मी शकुला शोभतील असे शब्द शोधत होते. इंगळे नावाखाली ते कसे वाचले जातील याचा मी विचार केला नाही, कारण आमच्या घरात तसा कागद कधी कुणाला आलाच नाही. ज्यांनी मला जेवायला बसवलं त्यांच्या घरात मी तो पाठवला. ही चूक माझीच आहे. बरं करायला गेले होते, असं म्हणून ती कमी होत नाही.

सांगून टाक म्हणतेस. ओठांवर आलं होतं. पण त्या मुलीला मी ओळखते. ती तशीच मेट्रनकडे गेली असती, "सिस्टरांनी खोटं लिहिलंय, सीट त्यांची आहे" म्हणून तिथे ठाण मांडून बसली असती. कॉलेज सुरू व्हायला चार दिवस होते. मी गप्प बसले. दोन वर्षांनी, पदवी तिच्या हातात पडली की मी स्वतः टेकडी चढून भाऊरावांकडे जाणार आहे. ते दार उघडतील की नाही, माहीत नाही.

तुझ्या अकराजणी तुझ्या पाया पडून गेल्या. ही माझ्याकडे न बघता गेली. किल्ल्या दिल्या, ड्रेसिंगच्या कापसाचे ड्रम मोजून दिले, आणि टेबलावर एक वही ठेवली. शंभर पानी, भरलेली. कुठल्या बेडची चाकं अडकतात, कुठल्या नळाचं पाणी गरम येतं, ऑपरेशननंतर पेशंट घाबरला तर काय बोलायचं, कुठलं ड्रेसिंग कसं करायचं, आणि प्रत्येकाखाली, का. पहिल्या पानावर लिहिलंय, 'मी गेल्यावर वॉर्डाची अडचण होऊ नये म्हणून.' आणि खाली, 'आपली, वॉर्डास उपयोग नसलेली, मीरा.'

नव्या मुलींना मी ती वही रोज वाचायला लावते. पहिलं पान मात्र मी आधीच उलटून ठेवते.

तुझी
नलू